जुन्या ठाण्यातला पाडवा: मिरवणूक शेवटी, रांगोळी आधी

ठाण्याच्या गुढीपाडव्याचा फोटो दरवर्षी एकच असतो. नऊवारी, नथ, गॉगल, बुलेट आणि मागे राम मारुती रोड. तो फोटो पाहून लोक पाडव्याच्या सकाळी नऊला ठाणे स्टेशनवर उतरतात, गर्दीत दीड तास उभे राहतात, लोकांच्या वर धरलेल्या मोबाइलांमधून थोडी मिरवणूक पाहतात आणि दुपारी घामाघूम होऊन परत जातात. ‘ठीक होतं’ म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. या उत्सवाचा तेवढाच तुकडा पाहिला तर तो ठीकच आहे.

खरा माल आदल्या दोन-तीन दिवसांत असतो: गावदेवी मैदानातली रांगोळी, कोपिनेश्वर मंदिरातलं गाणं-नाचणं आणि आदल्या संध्याकाळी मासुंदा तळ्यावरचा दीपोत्सव. स्वागतयात्रेची, म्हणजे नववर्षाच्या या मिरवणुकीची, कल्पना गेल्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीत सुरू झाली आणि ठाण्याने ती उचलली. पण ठाण्याला तळं, देऊळ, बाजारपेठ आणि मैदान असं सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत आयतं मिळालं. त्यामुळे इथला पाडवा मिरवणुकीपुरता न राहता जुन्या गावभर पसरतो. तिकीट कशालाच नाही. नेमक्या वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, त्या आठवडाभर आधी तलावपाळीच्या, म्हणजे मासुंद्याच्या काठच्या, फलकांवर आणि वर्तमानपत्रांच्या ठाणे पानांत येतात. तेवढं पाहूनच निघा.

रांगोळी

दोनच तास हातात असतील तर ते इथे घालवा. गावदेवी मैदान स्टेशनच्या पश्चिमेला, गोखले रोडपासून अगदी जवळ. रमतगमत चाललात तरी आठ-दहा मिनिटं. पूर्ण झालेली रांगोळी सगळेच बघतात. ती काढली जात असताना बघा, म्हणजे ती पुरी व्हायच्या आदल्या रात्री आठ-नऊनंतर.

मोठ्या व्यक्तिचित्राची रांगोळी चेहऱ्यापासून सुरू होत नाही, दोऱ्यापासून होते. मूळ चित्रावर चौकोन आखलेले असतात. खडू फासलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा, मधे उचलून सोडायचा, की जमिनीवर सरळ पांढरी रेघ उमटते. अशा रेघांनी तेच चौकोन जमिनीवर मोठे करून घेतात. एक चौकोन चुकला की नाक कानाकडे सरकतं. म्हणून अनुभवी माणसं पहिला तासभर रंगाला हातच लावत नाहीत. मग येतो मधला रंग, चाळणीने सगळीकडे सारखा पसरलेला. गडद छटा त्यावर चिमटीने सोडतात. पांढरा अगदी शेवटी, डोळ्यातल्या ठिपक्यासाठी नि नाकाच्या शेंड्यासाठी. गडदावर पांढरं सांडलं तर ते पुसता येत नाही. मऊ ब्रशने किंवा हलक्या फुंकरीने उडवावं लागतं, नाहीतर तो भागच नव्याने भरावा लागतो. हे काम चालू असताना कारागिराच्या शेजारी उभं राहून मोठ्याने ‘अरे वा’ म्हणू नका. तो श्वाससुद्धा जपून घेत असतो.

रंग तयार करण्याची जागा सहसा मैदानाच्या कडेला असते. तिथे पाच मिनिटं उभे राहा. पांढऱ्या रांगोळीत लेक रंग (रंगाची बारीक पूड) टाकून कागदावर हाताने चोळतात आणि दोन-तीनदा चाळतात. चेहऱ्यासाठीची रांगोळी मैद्याच्या चाळणीतून गेलेली असते, कारण कण मोठे असले की गालावर देवीचे व्रण दिसतात. संस्कारभारतीची रांगोळी याच्या उलट. तिला जाडसर, वाळूसारखी सुटणारी रांगोळी लागते. पाच बोटांनी रंगाचे गोल पसरायचे आणि मग मुठीतून पांढरी रेघ सोडायची. पीठ फार बारीक असेल तर ते बोटांना चिकटतं आणि रेघ तुटक पडते. एकाच मैदानात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असले तर दोन्हींच्या डब्यांत चिमूट घालून बघा. विचारून.

रांगोळी किती लागते हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ढोबळ हिशेब असा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे एक लिटर, वजनात साधारण दीड किलो. दहा हजार चौरस फुटांची रांगोळी म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर. म्हणजे जवळपास चौदाशे किलो, आणि तीही एकच थर धरून. चेहऱ्यावर तीन-चार थर असतात. ही पोती मैदानात कुठे ठेवली आहेत ते पाहा. ती थेट जमिनीवर असतील तर खालच्या पोत्यांना ओल धरते.

बिघडतं ते ओलीनेच. मार्च-एप्रिलमध्ये ठाण्याची पहाट दमट असते. खाडी जवळ आहे. दव पडलं की रांगोळीचे बारीक गठ्ठे होतात आणि रंग एक छटा गडद दिसतो. रात्री भरलेला गाल आणि सकाळी भरलेली हनुवटी मग एका माणसाची वाटत नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. तो कडेच्या बारीक रेघा खातो, म्हणून चारी बाजूंनी कापड लावतात. कापड नीट ताणलेलं नसलं तर तेच फडफडून आत वारा घालतं.

पाहणाऱ्यांच्या बाजूनेही दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे उभं राहायची जागा. जमिनीवरचं चित्र कडेवरून बघितलं की लांबचा भाग आक्रसतो, कपाळ दोन बोटांचं होतं. चित्राच्या पायथ्याशी जा, म्हणजे हनुवटी तुमच्याकडे आणि डोकं पलीकडे. मोबाइल दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून खाली झुकवा. मचाण बांधलेलं असेल तर रांग लावाच. दहा मिनिटं थांबून अर्धा मिनिट वर मिळतो, पण चित्र काय आहे ते त्याच अर्ध्या मिनिटात कळतं. दुसरी चूक प्रकाशाची. मंडपाचं छत निळ्या ताडपत्रीचं असेल तर दिवसा सगळे चेहरे आजारी दिसतात. अशा वेळी अंधार पडल्यावर, दिवे लागले की जा. छत पांढऱ्या कापडाचं असेल तर सकाळी आठ ते दहा सर्वांत चांगलं. एका बाजूने मारलेल्या झोताखाली रांगोळीचा प्रत्येक उंचवटा सावली पाडतो, तो फोटो घेऊ नका.

पदर आणि ओढणी खोचून घ्या. खांद्याची पिशवी पुढे घ्या. लहान मुलाला कडेवर घेण्यापेक्षा हात धरून चालवा, कडेवरच्या मुलाच्या हातातून खेळणं नेमकं रांगोळीवर पडतं. आणि वाकून फोटो काढताना शर्टाच्या खिशात मोबाइल, पेन, चष्मा काही ठेवू नका.

देवळातली संध्याकाळ

कोपिनेश्वर हे ठाण्याचं ग्रामदैवत. आजची इमारत १७६०च्या सुमाराची, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेली; १८७९मध्ये लोकवर्गणीतून तिची दुरुस्ती झाली. पाडव्याच्या आधी इथे शास्त्रीय गायन-वादन-नृत्याचे कार्यक्रम होतात. दर्जा चांगला असतो. बाहेर जांभळी नाक्याचे हॉर्न आणि आत तानपुरा हे मिश्रण पहिली पाच मिनिटं जाचतं, नंतर कान आपोआप निवड करतात.

बसायची जागा मात्र विचार करून घ्या. देवळात आवाज घुमतो. भोंग्यासमोर बसलात तर शब्द कळत नाहीत, फक्त गाज ऐकू येते. गाणं असेल तर स्पीकरपासून लांब, कलाकाराच्या जवळ आणि थोडं डावीकडे बसा. तबलजी गाणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे तुमच्या डावीकडे, आणि त्याचा डग्गा माइकशिवायही तिथे नीट पोचतो. कथक किंवा भरतनाट्यम् असेल तर हिशेब वेगळा. बैठक एका पातळीवर असते, त्यामुळे चौथ्या रांगेतून नर्तकीचे पाय दिसत नाहीत, आणि पाय दिसले नाहीत तर कथकात राहिलं काय? पुढची रांग मिळाली नाही तर कडेला भिंतीशी उभे राहा. अर्धा तास आधी पोचलात तर पुढे जागा मिळते. चपला बाहेर ठेवायच्या आहेत, म्हणून नवीन चप्पल घालून येऊ नका, आणि गुडघ्यांना जमिनीवर बसणं झेपत नसेल तर घडीचं स्टूल आणा.

मासुंद्यावरचे दिवे

आदल्या संध्याकाळी तलावपाळीवर दीपोत्सव असतो. दिसायला सुंदर, पण फार आयुष्य नाही. दिवे लागल्यापासूनचा पहिला पाऊण तास तेवढा खरा. नंतर वाऱ्याच्या बाजूच्या पणत्या विझत जातात, तेल संपतं आणि लोक पणत्यांपेक्षा आइस्क्रीमच्या गाडीभोवती जास्त जमतात. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी कठड्याशी जागा धरा. आकाश अजून निळसर आहे आणि दिवे लागलेत अशी साधारण वीस मिनिटं मिळतात. पाण्यातलं प्रतिबिंब तेव्हाच दिसतं. पूर्ण काळोख झाला की रस्त्यावरच्या जाहिरातींचे दिवे पाण्यावर जास्त चमकतात आणि पणत्या हरवतात.

स्वतःची पणती लावायची असेल तर कोरी मातीची पणती घरी दोन-तीन तास पाण्यात भिजवून, सुकवून आणा. नाहीतर ती निम्मं तेल स्वतःच पिते आणि खालचा दगड तेलकट करते. त्या तेलकट पायरीवरून कुणीतरी घसरतं. वात घट्ट वळलेली हवी, तिचं टोक तेलात बुडवून मग काठावर आणायचं. पाण्यात सोडायच्या दिव्याला पानाचा द्रोणच वापरा. पाण्यात मासे आहेत.

एक तक्रार आहे आणि ती फक्त ठाण्याची नाही. दिव्यांच्या वेळी भोंग्यावरून होणारी सत्कारांची यादी. शाली, श्रीफळं, मान्यवरांची नावं, पुन्हा मान्यवरांची नावं. तेवढ्यात निळसर वीस मिनिटं निघून जातात. भाषणं दिवे लावायच्या आधी उरका, नाहीतर नंतर ठेवा.

यात्रा

आता ती मिरवणूक. सकाळी साडेसहा-सातला कोपिनेश्वरची पालखी निघते. पुढे जांभळी नाका, दगडी शाळा, गजानन महाराज चौक, हरिनिवास, गोखले रोड, राम मारुती रोड आणि पुन्हा तलावपाळी असा साधारण फेरा. मार्गात एखादा बदल होऊ शकतो. चित्ररथ, लेझीम, भजनी मंडळं, मल्लखांबाची गाडी, सायकलवाले, ढोलपथकं, वेगवेगळ्या समाजांचे गट. सगळं असतं.

राम मारुती रोडवर उभं राहू नका, हे पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं. तिथे पोचेपर्यंत यात्रा दमलेली असते. ऊन चढलेलं असतं, लेझमीची पोरं पाय ओढत असतात, भजनी मंडळाचा आवाज बसलेला असतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि दुकानांच्या काचा, त्यामुळे ढोलाचा एक ठोका दोनदा ऐकू येतो आणि ताल कालवला जातो. गर्दी सर्वांत जास्त तिथेच, कारण फोटो तिथला.

त्याऐवजी सव्वासहाला जांभळी नाक्याला पोचा आणि यात्रेच्या उलट दिशेने चाला, म्हणजे शेपटाकडे. पथकं आपापल्या जागी उभी असतात, अजून निघालेली नसतात. ढोलाची पानं, म्हणजे तोंडांवरचे पडदे, दमट हवेत सैल पडलेली असतात, दोरी ओढून ताणून घेतात, टिपरूने थाप मारून कान लावतात, पुन्हा ओढतात. ताशेवाला तेवढ्यात दोन काड्यांनी उगाच तर्री काढत असतो. फेटे बांधणाऱ्याभोवती रांग असते. चित्ररथावरचा शिवाजी महाराज झालेला मुलगा चिकटवलेली दाढी एका हाताने धरून चहा पीत असतो. हा पाऊण तास पुढच्या तीन तासांपेक्षा बघण्यासारखा आहे, आणि फोटोसाठी कुणी धक्के मारत नाही.

नंतर उभं राहायचं तर दगडी शाळा ते गजानन महाराज चौक या टप्प्यात. सूर्य पाठीशी येईल ती कड निवडा: इमारतीची सावली तुमच्यावर, ऊन मिरवणुकीवर. यात्रेत मधेच दहा-पंधरा मिनिटांचा खंड पडतो, तेव्हा संपली असं समजून निघू नका. पथक चौकात थांबून आपला खेळ करतं, तेवढ्यात पुढचे चालत राहतात. मागचे मात्र अडकतात. मग ते सगळे एकदम येतात, एकावर एक. चित्ररथ अडकतो तो वायरींमुळे. ट्रकवर किल्ला बांधला की बुरूज केबलला लागतो, आणि एक माणूस बांबूने वायर उचलून धरतो तोवर अख्खी यात्रा थांबते. देखावा बांधणाऱ्यांनी आदल्या दिवशी बांबू घेऊन रस्ता एकदा फिरून यावा, एवढं सोपं आहे ते.

आवाजाचंही बोलायला हवं. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतात, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं लिहिलेलं आहे. काही पथकं दवाखान्यासमोर वाजवणं थांबवून फक्त झेंडा नाचवत पुढे जातात, आणि ते फार डौलदार दिसतं. काही थांबवत नाहीत. तान्हं मूल बरोबर असेल तर कान झाकायचं साधन आणा आणि ढोलांपासून वीस-पंचवीस फूट तरी लांब राहा.

पोचणं, खाणं, परतणं

गाडी आणू नका. गावदेवी मैदानाखाली वाहनतळ आहे, पण पाडव्याला तो सकाळीच भरतो, आणि यात्रा गोखले रोडवर असेपर्यंत बाहेर निघणं अवघड. लोकलने या. पाडव्याला रविवारचं वेळापत्रक असू शकतं, म्हणजे गाड्या कमी; आधी बघून घ्या. वाशी-पनवेलकडून येणारे फलाट ९-१० वर उतरतात. तिथून पुलाने पश्चिमेला यायला गर्दीत दहा मिनिटं धरा. पश्चिमेला उतरून सॅटिस पुलाखालून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलाखालून, बाहेर पडलं की तलावपाळी आणखी दहा मिनिटं. रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नका, आत येऊच शकत नाही. स्वच्छतागृहाचं काम स्टेशनवरच उरकून घ्या. गर्दीत मोबाइलचं जाळं बसतं, म्हणून घरच्यांशी भेटायची जागा आधीच तोंडी ठरवा. ‘तलावपाळीवर’ नाही, ‘गडकरी रंगायतनच्या दारात’.

न्याहारीला तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ, १९४६पासूनची. साडेदहानंतर रांग रस्त्यावर येते, म्हणून यात्रा दगडी शाळा सोडून पुढे गेली की लगेच गाठा. तिखटाचे प्रकार विचारतात, पहिल्यांदा खाणाऱ्याने मध्यम म्हणावं. तिखट म्हणजे तिखट. विष्णुनगरचा गजानन वडापावही जवळच, त्याची पिवळी बेसनाची चटणी वड्यापेक्षा जास्त नावाजलेली आहे.

गुढीचं सामान जांभळी नाक्याला आदल्या संध्याकाळी घ्या. गाठी घेताना एक पाकळी नखाने मोडून बघा: कट् आवाज होऊन मोडली तर ताजी, वाकली तर ओल धरलेली, उद्या दुपारी गुढीच्या साडीला चिकटेल. झेंडू आदल्या संध्याकाळी महाग आणि पाडव्याच्या दुपारी मातीमोल, पण दुपारी त्याचा उपयोग काय?

यात्रा संपल्यावर अंगात ताकद असेल तर अर्धा-पाऊण तास जुनं गाव फिरा. तळ्याकाठचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, १८९३चं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी १७३७मध्ये जिंकलेला किल्ला. तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिली. चालू तुरुंग आहे, भिंत बाहेरूनच बघायची. ज्या स्टेशनावरून परत जाल तिथे देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावून आली होती.

कुणाला किती? लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर फक्त दीपोत्सव आणि रांगोळी, एकाच संध्याकाळी, पाच ते साडेआठ. चित्र-नृत्य-गाण्याची आवड असेल तर दोन रात्री. मिरवणुकीचा शौक असेल तर सव्वासहाचा जांभळी नाका, आणि नऊला गर्दीतून बाहेर. रांगोळी पाडव्यानंतरही एखादा दिवस ठेवलेली असली तर त्या दिवशी दुपारी परत जा. कडा वाऱ्याने पुसट झालेल्या असतात, मैदान रिकामं असतं, आणि काढणारे कारागीर खुर्चीत पाय पसरून बसलेले असतात. दोरा कसा मारला, ते तेव्हा सावकाश सांगतात.